ट्यूशन माफ, मग बिल कशाचं?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींचं पत्र, थोडं आटोपून:

"वय ६६. सांगलीला बँकेत नोकरी झाली, बी.कॉम. आहे. मुलाकडे ग्रीन कार्डवर येऊन १६ महिने झाले. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात कळलं की इथे पासष्टीनंतर कॉलेज फुकट. उशीर नको म्हणून मी नोव्हेंबरातच काउंटी कॉलेजच्या साइटवर जाऊन जानेवारीच्या सत्रासाठी दोन वर्ग घेतले, अमेरिकेचा इतिहास आणि जलरंग. आता पूर्ण रकमेचं बिल आलंय. फोन केला तर म्हणतात, लवकर नाव घातलंत म्हणून माफी बसत नाही. डॅलसच्या मैत्रिणीला मात्र सहा क्रेडिटं (साधारण दोन वर्ग) फुकट मिळतात. सून म्हणते, 'आई, वर्गाला जाऊच नका, आपोआप रद्द होईल.' शिवाय आमच्या विहीणबाई जानेवारीत व्हिजिटर व्हिसावर येताहेत, त्यांनाही सोबत न्यायचं मनात होतं. काय करू?"

ताई, सूनबाईंचं एवढ्या एका बाबतीत ऐकू नका. वर्गाला न जाणं आणि नाव काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कॉलेजं पैसे न भरणाऱ्याचं नाव आपण होऊन काढतात, काही काढत नाहीत. तुमचं कोणत्या प्रकारचं आहे ते बिल थकल्यावर कळून उपयोग नाही. नाव राहिलं तर पूर्ण सत्राची रक्कम तुमच्या खात्यावर चढते, निकालपत्रकावर नापासाचा शेरा बसतो, खात्यावर 'होल्ड' लागतो, आणि काही महिन्यांनी प्रकरण वसुलीवाल्यांकडे जातं. होल्ड लागलेल्या माणसाला पुढच्या वर्षी माफीतूनसुद्धा नाव घालता येत नाही.

तेव्हा आज-उद्यात विद्यार्थी पोर्टलवर जा आणि दोन्ही वर्ग 'ड्रॉप' करा. 'विथड्रॉ' नव्हे. ड्रॉप म्हणजे नाव घातलंच नव्हतं असं धरलं जातं: बिल उतरतं, पत्रकावर काही उमटत नाही. विथड्रॉ म्हणजे मध्येच सोडलं: पत्रकावर 'डब्ल्यू' येतो आणि बिल बहुधा तसंच राहतं. सत्राच्या पहिल्या दिवसाआधी ड्रॉप केलं तर साधारणपणे पूर्ण शुल्क उतरतं, वर्ग सुरू झाल्यावर काही दिवस निम्मं, आणि त्यानंतर काही नाही. नेमक्या तारखा कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरमध्ये परताव्याच्या सदराखाली असतात. ही तारीख सत्राची असते, तुमच्या वर्गाची नव्हे. तुमचा वर्ग गुरुवारी भरत असेल आणि सत्र सोमवारी सुरू होत असेल, तर सोमवार धरायचा. ड्रॉप केल्यावर त्या पानाचं चित्र जपून ठेवा, दोन दिवसांनी खातं पुन्हा उघडून शिल्लक शून्य झाली का बघा. अर्जाचं किंवा नोंदणीचं किरकोळ शुल्क मागे राहिलं असेल तर ते भरून टाका. वीस-पंचवीस डॉलरच्या थकबाकीनेसुद्धा होल्ड लागतो.

आता शिक्षा कशाची, ते. तुम्ही ज्याला 'फुकट कॉलेज' म्हणता ती खरं म्हणजे रिकाम्या खुर्चीची सवलत आहे. न्यू जर्सीचा कायदा म्हणतो की सरकारी उच्चशिक्षण संस्था ६५ आणि त्यावरच्या रहिवाशांना नेहमीच्या वर्गांत ट्यूशन न घेता बसू देऊ शकतात, मात्र दोन अटींवर: वर्गात जागा उरलेली हवी, आणि वर्ग चालवायला लागणारी किमान संख्या पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्यांतूनच पुरी झालेली हवी. 'देऊ शकतात' हे शब्द नीट वाचा. बारीकसारीक नियम ठरवायला कॉलेज मोकळं आहे. जागा उरली की नाही हे पैसे भरणाऱ्यांची नोंदणी होऊन गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून ज्येष्ठांच्या नोंदणीची खिडकी शेवटी उघडते, कुठे सत्राच्या आदल्या आठवड्यात, कुठे पहिल्या वर्गाच्या दिवशी. एसटीत आरक्षणवाले बसल्यावर कंडक्टर उरलेल्या जागा देतो, तसंच. तुम्ही नोव्हेंबरात खुर्ची धरलीत ती आरक्षणाच्या रांगेतून, म्हणजे पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या नात्याने, आणि संगणकाने त्या नात्याला शोभेल असं बिल काढलं. आता दाखला देऊन तेच नाव माफीत बदलून घ्यावं असं वाटेल; ते बहुतेक ठिकाणी होत नाही. आधी ड्रॉप, मग खिडकी उघडल्यावर नव्याने नाव, हाच रस्ता.

दुसरा घोळ शब्दाचा आहे. आपल्याकडे 'फी' म्हटलं की सगळं आलं, आणि 'ट्यूशन' म्हणजे संध्याकाळची शिकवणी. अमेरिकन कॉलेजच्या बिलात ट्यूशन हा शिकवण्याचा आकार आणि 'फीज' हे त्याखालचं वेगळं खातं: सामान्य सेवा, तंत्रज्ञान, विद्यार्थी उपक्रम, प्रयोगशाळा, साहित्य, नोंदणी. कायदा पहिला आकडा माफ करू देतो. दुसऱ्याचं काय करायचं ते कॉलेज ठरवतं, आणि बरीच कॉलेजं तो घेतात. शिवाय हे आकार पुष्कळदा क्रेडिटमागे लागतात. समजा क्रेडिटमागे ४० डॉलर फीज असतील, तर तीन क्रेडिटांच्या वर्गाला १२० झाले, वर नोंदणीचे २५, पुस्तक निराळंच. मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रकार टोकाला गेलेला आहे: तिथल्या सरकारी कॉलेजांत साठीनंतर ट्यूशन माफ आहे, पण वर्षानुवर्षं बिलाचा मोठा हिस्सा ट्यूशनमध्ये नसून फीजमध्येच बसवलेला होता. म्हणून 'माफ आहे का?' असं विचारू नका. 'ज्येष्ठांच्या माफीतून तीन क्रेडिटांचा वर्ग ऑडिट केला तर एकूण किती डॉलर भरायचे?' असं विचारा (ऑडिट म्हणजे परीक्षा-गुणांशिवाय नुसतं वर्गात बसणं), आणि ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. त्याच पत्रात आणखी दोन प्रश्न घाला: माफीची नोंदणी कोणत्या तारखेला उघडते, आणि ऑनलाइन वर्गांना ती लागू आहे का. हे पत्र रजिस्ट्रारच्या, म्हणजे नोंदणी बघणाऱ्या, कचेरीला जावं. बिल काढणारी बर्सरची कचेरी माफीचे नियम करत नाही, ती फक्त आलेला आकडा लावते.

ऑडिट म्हणजे वर्गात बसायचं, ऐकायचं, वाचायचं. परीक्षा, गुण, क्रेडिट काही नाही. तुमच्या हेतूला ते पुरेसं आहे, आणि त्यात तुमच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिका मागवा, त्यांचं अमेरिकन मूल्यांकन करून घ्या, इंग्रजीची चाचणी द्या, ही उस्तवार सहसा करावी लागत नाही. क्रेडिट हवं असेल तर या सगळ्यातून जावं लागतं, शिवाय माफीत क्रेडिट मिळतंच असंही नाही. एक काळजी घ्या: ऑडिटचा पर्याय नाव घालतानाच निवडायचा असतो. क्रेडिटवर नाव घालून नंतर बदलू म्हटलं तर त्याची मुदत फार थोडी असते.

डॅलसची मैत्रीण खोटं बोलत नाही. हे नियम प्रत्येक राज्याचे निराळे आहेत, केंद्राचा कायदा नाही. टेक्सासच्या कायद्यात ६५ नंतर सत्राला सहा क्रेडिट तासांपर्यंत ट्यूशन माफ करण्याची तरतूद आहे, जागा असेल तर. जॉर्जियात सरकारी विद्यापीठांत ६२ ला सुरुवात होते, पण वैद्यकी, दंतवैद्यकी, कायदा असे अभ्यासक्रम बाहेर. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या योजनेचं नावच 'प्रोग्रॅम सिक्स्टी'. व्हर्जिनियात साठीनंतर ऑडिटला उत्पन्नाची अट नाही, क्रेडिटला मात्र करपात्र उत्पन्न २३,८५० डॉलरच्या आत लागतं. मेरीलँड विद्यापीठाच्या 'गोल्डन आयडी'मध्ये साठीनंतर, पूर्णवेळ नोकरी नसलेल्यांना सत्राला तीन वर्गांपर्यंत. हडसनपलीकडे न्यूयॉर्क शहराच्या 'क्युनी' कॉलेजांत ६० वर्षांवरचा राज्याचा रहिवासी सत्राला ६५ अधिक १५ असे ८० डॉलर भरून ऑडिट करू शकतो. तुमचा पत्ता न्यू जर्सीचा, त्यामुळे ते तुम्हाला नाही. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मावशी किंवा शिकागोचे काका काय म्हणतात ते ऐकून घ्या, पण त्यावरून अर्ज भरू नका.

तुमच्या बाजूला रटगर्स हे सरकारी विद्यापीठही आहे. तिथे सेवानिवृत्त न्यू जर्सीकरांसाठी ऑडिटची वेगळी योजना आहे आणि तिची वयोमर्यादा ६२ आहे, ६५ नव्हे. घरात तिघं-चौघं ज्येष्ठ असतील तर हा फरक कामाचा ठरतो. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य असल्या मोठ्या व्याख्यानांच्या वर्गांना तिथे चांगली संधी असते.

वर्ग निवडताना मात्र तुमचा अर्धा बेत बदलावा लागेल. जलरंग विसरा, निदान या वाटेने. स्टुडिओ, प्रयोगशाळा, संगणक आणि पुष्कळ ठिकाणी भाषांचे वर्ग ज्येष्ठांच्या ऑडिटमधून वगळलेले असतात, कारण तिथे टेबलं आणि यंत्रं मोजकी असतात आणि शिक्षकाला प्रत्येकाचं काम बघावं लागतं. जिथे वगळलेले नसतात तिथे साहित्याचं शुल्क असतं आणि जागा उरत नाही. जलरंगासाठी टाउनशिपचं सीनियर सेंटर किंवा सार्वजनिक वाचनालय बघा. तिथे गुण नसतात, पण रंग तेच असतात.

इतिहासाचा वर्ग मिळण्याजोगा आहे, आणि तो कसा हेरायचा ते सांगतो. कॉलेजच्या वेळापत्रकात प्रत्येक वर्गापुढे एकूण जागा आणि भरलेल्या जागा दिसतात. ३५ पैकी ३४ भरलेला वर्ग तुमचा नाही. पण ३५ पैकी ७ भरलेलासुद्धा नाही, कारण किमान संख्या झाली नाही तर तो सत्राच्या तोंडावर रद्द होईल आणि तुमची खिडकी तोवर उलटून गेलेली असेल. २० ते २८ भरलेला, आणि ज्याचे त्याच सत्रात तीन-चार गट चालतात असा प्राथमिक वर्ग धरा. नोकरी करणारे विद्यार्थी संध्याकाळचे गट आधी भरतात. सकाळी आठचा, दुपारी दोन-तीनचा आणि शुक्रवारचा गट जास्त मोकळा राहतो, आणि जानेवारीत साडेचार-पाचलाच अंधार होत असल्याने दुपारचा गट तुम्हालाही सोयीचा. असे तीन गट पसंतीच्या क्रमाने कागदावर लिहून, गटाचा पाच-सहा आकडी क्रमांकही सोबत लिहून ठेवा. खिडकीवर 'इतिहासाचा वर्ग' सांगून चालत नाही, क्रमांक सांगावा लागतो.

सत्राच्या आधी प्राध्यापकांना चार ओळींची ईमेल करा: नाव, ज्येष्ठ नागरिक ऑडिट, गटाचा क्रमांक, बसू द्याल का. काही कॉलेजांत अर्जावर त्यांची सही लागते. जिथे लागत नाही तिथेही आधी लिहिलेलं बरं. खिडकी उघडते त्या दिवशी अर्ज, ग्रीन कार्ड आणि पत्त्याचे पुरावे घेऊन आधी रजिस्ट्रार, मग बर्सर. माफीचा अर्ज बऱ्याच ठिकाणी दर सत्राला नव्याने भरावा लागतो; मागच्या वेळचा चालतो असं धरून बसलं की पुन्हा तेच बिल.

कागदपत्रांत आपल्या लोकांचं गाडं तीन जागी अडतं. पहिली पत्त्याची. रहिवासी म्हणवून घ्यायला न्यू जर्सीत साधारण १२ महिन्यांचं वास्तव्य धरलं जातं. तुमचे १६ झाले आहेत, पण ते दाखवणार कशाने? घर मुलाचं, वीजबिल सुनेच्या नावावर, फोन कुटुंबाच्या योजनेत. तुमच्या नावाने काय येतं ते गोळा करा: बँकेची विवरणपत्रं, आरोग्य विम्याची पत्रं, भरलं असेल तर कर विवरणपत्र. मोटार व्हेइकल कमिशनचं वाहन न चालवणाऱ्यांसाठीचं ओळखपत्र काढलं नसेल तर ते आधी काढा, पत्ता आणि जन्मतारीख दोन्ही त्यावर येतात. काउंटी कॉलेज काउंटीचा पत्ताही बघतं. मुलगा मध्यंतरी दुसऱ्या काउंटीत राहत असेल तर जुन्या पत्त्यावरचं ओळखपत्र बदलून घ्या. हे करूनही अपुरं पडलं तर मुलाने नोटरीसमोर केलेलं, आई माझ्याकडे अमुक तारखेपासून राहते असं प्रतिज्ञापत्र चालेल का ते विचारा.

दुसरी जन्मतारखेची. आपल्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला लावून टाकला आहे. इथे खरी तिथी कुणी विचारत नाही, ग्रीन कार्डावर आहे तीच तारीख. तुम्हाला अडचण नाही, पण यजमान किंवा मैत्रिणी ६५ च्या काठावर असतील तर बघा: वय बहुधा सत्राच्या पहिल्या दिवशी पूर्ण झालेलं लागतं, सत्राच्या मध्ये झालं तर पुढच्या सत्रात.

तिसरी नावाची. ग्रीन कार्डावर यजमानांचं नाव मधल्या नावात आहे की पहिल्या नावाला चिकटून आलंय ते पाहा, आणि अर्जात तसंच्या तसं भरा. बँकेत एक, कार्डावर दुसरं असेल तर कचेरी तुमची दोन खाती उघडून ठेवते, आणि माफी एकावर आणि बिल दुसऱ्यावर असा खेळ सुरू होतो. फोन आणि ईमेलही स्वतःचे द्या. कॉलेजच्या प्रणालीत शिरताना फोनवर संकेतांक येतो. तो मुलाच्या फोनवर गेला आणि मुलगा ऑफिसात मीटिंगमध्ये असला की तुम्ही दाराबाहेर. नाव पक्कं झालं की कॉलेज स्वतःचा ईमेल देतं आणि वर्ग रद्द झाल्याची, खोली बदलल्याची खबर त्यावरच येते.

लसीचा कागद मागतील का, हाही प्रश्न येतो. गोवरासारख्या लसींच्या नियमांत १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना साधारणतः सूट असते. तुमचं वय पाहता तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात, म्हणून आपोआप सुटलो असं धरू नका. पदवीसाठी नसलेल्या एका वर्गाला बहुधा मागत नाहीत, पण विचारून ठेवा. कागद सांगलीत शोधण्यापेक्षा इथल्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवणं पुष्कळदा सोपं जातं.

पुस्तकाला लगेच पैसे घालू नका. पहिल्या वर्गात अभ्यासक्रमपत्रिका मिळते. ऑडिटवाल्याला आधीची आवृत्ती चालते, ग्रंथालयात राखीव प्रत असते, आणि गृहपाठाच्या संकेतस्थळाचा जो महागडा कोड विकत घ्यायला सांगतात तो तुम्हाला लागत नाही, कारण गृहपाठ तपासला जाणार नाही. जायला-यायला मुलावर अवलंबून नसाल तर एनजे ट्रान्झिटमध्ये ६२ वर्षांपासून सवलतीचं तिकीट आहे. ऐकू कमी येत असेल तर संकोच न करता कॉलेजच्या सुलभता कचेरीत डॉक्टरांचं पत्र द्या, पुढची जागा किंवा उपशीर्षकांची सोय होऊ शकते. फोनवर व्याख्यान टिपून घ्यायचं तर प्राध्यापकांची परवानगी घ्या.

दोघांनी मिळून जायचं असेल आणि यजमानांनी पदवी घेतलेली नसेल, तर त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँटला वयाची वरची मर्यादा नाही. समायोजित उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल आणि सत्राला किमान सहा क्रेडिटं घेतली तर ट्यूशन आणि मान्य फीज दोन्ही भागतात, तेही रिकाम्या खुर्चीची वाट न बघता. त्यासाठी फाफ्साचा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा, अर्ज भरावा लागतो. तुम्हाला मात्र ती मिळणार नाही. पदवी भारतातली असली तरी पदवीच, आणि ती लपवायची नाही. केंद्राच्या पेल अनुदानालाही हेच लागू.

विहीणबाईंना सोबत नेऊ नका. बी-२ व्हिसावर आलेल्या माणसाला कॉलेजच्या अभ्यासक्रमात नाव घालायला मनाई आहे. फुकट असो, ऑडिट असो, धोका नको. त्यांच्या पुढच्या व्हिसाला त्याचा त्रास होऊ शकतो. अल्पमुदतीचे, छंद म्हणून घेतलेले वर्ग या मनाईत येत नाहीत. त्यामुळे वाचनालयातलं विणकाम, योग, इंग्रजी संभाषणाची बैठक, आणि हो, सीनियर सेंटरमधला जलरंगही त्यांच्यासोबत करता येईल. तुमच्याबरोबर त्यांना एकदा व्याख्यान ऐकायचं असेल तर पाहुणी म्हणून एक दिवस बसू देता का, असं प्राध्यापकांना विचारा.

सत्र कोणतं धरायचं तेही बघा. जानेवारीचं सत्र मेपर्यंत चालतं, सप्टेंबरचं डिसेंबरपर्यंत. थंडीत सांगलीला जायचा बेत असेल तर सप्टेंबरचंच सोयीचं. अर्ध्यात उठून जावं लागलं तर रीतसर विथड्रॉचा अर्ज देऊन जा, नुसतं विमानात बसू नका. भारतात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर नागरिकत्वाच्या वास्तव्याच्या मोजणीत खंड धरला जाण्याचा धोका आहे, आणि कॉलेजही रहिवासी असल्याचे पुरावे पुन्हा मागू शकतं.

या जानेवारीसाठी अजून वेळ गेलेली नाही. ड्रॉप आज करा, शिल्लक शून्य झाल्याचं बघून परवा रजिस्ट्रारला ती ईमेल पाठवा, आणि ख्रिसमसच्या सुटीत कचेऱ्या बंद असतात हे लक्षात ठेवून उत्तर त्याआधी मिळवा. या सत्राची खिडकी उघडण्याची तारीख त्यात नसेल तर कॉलेजच्या मुख्य फोनवर न विचारता रजिस्ट्रारच्या कचेरीत स्वतः जा. मुख्य फोनवर जो उचलतो त्याने ज्येष्ठांच्या माफीचा अर्ज बहुधा पाहिलेला नसतो.